‘हातात कसब असलं की जर्मनी पक्की’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

आयटीआयच्या जुन्या बॅचच्या ग्रुपांवर एक मेसेज पुन्हा पुन्हा येतोय. शब्द थोडे बदलतात, आशय तोच: जर्मनीला 90,000 भारतीय बांधकाम कामगार हवेत. महाराष्ट्र सरकारचीच योजना आहे. गवंडी, सुतार, प्लंबर, इलेक्ट्रिशियन सगळे चालतील, शिक्षणाची आणि भाषेची अट नाही, हातात कसब हवं. पगार महिना तीन लाख, राहणं-जेवण फुकट. आधी टुरिस्ट व्हिसावर जायचं, परमिट तिथे होतं. दोन वर्षांत स्वतःचा ठेका. आणि शेवटी, फक्त ‘प्रोसेसिंग’चे अडीच लाख.

मी आयटीआयमध्ये निदेशक आहे. त्यामुळे हा मेसेज माझ्याकडे “सर, खरं आहे का?” एवढीच ओळ जोडून येतो. नुसतं ‘खोटं आहे’ म्हणून भागत नाही, कारण त्यात खऱ्याचे तुकडे बेमालूम मिसळलेत. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

“90,000 बांधकाम कामगार हवेत, सरकारी योजना आहे”

90,000 हा आकडा खरा आहे, अर्थ खोटा. ऑक्टोबर 2024 मध्ये जर्मनीने जाहीर केलं, की कुशल भारतीयांना वर्षाला दिल्या जाणाऱ्या व्हिसांची संख्या 20,000 वरून 90,000 पर्यंत नेऊ. त्यात सॉफ्टवेअरवाले आले, इंजिनिअर आले, नर्स आल्या. बांधकामासाठी राखीव असा त्यात काहीच हिस्सा नाही, आणि ही काही भरतीची जाहिरातही नाही. फेब्रुवारी 2024 मध्ये महाराष्ट्राने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेनबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, हेही खरं. पण त्या योजनेत जर्मन भाषेचं प्रशिक्षण हा मुख्य भाग आहे. मेसेजवाल्याने करार उचलला आणि भाषा गाळली.

त्यात भर म्हणजे, तिथलं घरबांधणीचं काम गेली काही वर्षं थंडावलेलं आहे. व्याजदर चढले, सामान महागलं. 2023 मध्ये सुमारे 2,94,000 घरं पूर्ण झाली होती, 2024 मध्ये सुमारे 2,52,000. सरकारचं लक्ष्य वर्षाला चार लाखांचं होतं. माणसांची खरी ओढ आहे ती इलेक्ट्रिशियन आणि हीटिंग-प्लंबिंगच्या कामात, कारण छपरावरचे सोलर पॅनेल आणि घरोघरचे हीट पंप बसवायला हात कमी पडतायत. प्लास्टरवाल्याला आणि इलेक्ट्रिशियनला एकच मेसेज पाठवणाऱ्याला यातलं काही ठाऊक नसतं.

“शिक्षणाची अट नाही, कसब हवं”

सगळ्यात जास्त माणसं इथे फसतात, म्हणून इथे जरा थांबतो.

जर्मनीत गवंडीकाम शिकायला तीन वर्षं लागतात. कंपनीत काम करत करत व्यवसायशाळेत जायचं आणि शेवटी परीक्षा द्यायची. इलेक्ट्रिशियन आणि हीटिंग-प्लंबिंगवाल्याला साडेतीन वर्षं. बाहेरच्या माणसाचं प्रमाणपत्र या मापाने तपासतात. या तपासणीला तिथे ‘आनेरकेनुंग’ म्हणतात, आपण मान्यता म्हणू. हस्तव्यवसायांची तपासणी त्या त्या भागातलं कारागिरांचं मंडळ, म्हणजे हांडव्हेर्क्सकामर, करतं. औद्योगिक ट्रेडची न्युर्नबर्गमधलं आयएचके फोसा हे केंद्र करतं. खर्च साधारण 100 ते 600 युरो, भाषांतराचा वेगळा. पूर्ण मान्यता मिळाली तर उत्तम. अर्धवट मिळाली तर काय कमी आहे ते लिहून देतात आणि तेवढं तिथे शिकून भरून काढता येतं. कामाचा अनुभव आणि अप्रेंटिसशिपची कागदपत्रं या तपासणीत धरली जातात, पण ती प्रमाणपत्राच्या जोडीला. मुळात प्रमाणपत्रच नसेल तर तपासायला काही उरत नाही.

पूर्ण मान्यता हातात नसतानाही जाता येतं, असे तीन मार्ग नव्या कायद्याने उघडले. एक, मान्यता-भागीदारी: नोकरी पक्की करून जायचं आणि मान्यतेचं काम तिथे करायचं. दोन, अनुभवी कामगाराचा मार्ग: गेल्या पाच वर्षांत किमान दोन वर्षांचा अनुभव आणि ठरावीक पगार, जो 2025 मध्ये वर्षाला 43,470 युरो होता. तीन, नोकरी शोधण्यासाठीचं ‘चान्सेनकार्टे’, जे जून 2024 पासून सुरू झालं. या तिन्ही मार्गांवर एक अट सारखीच आहे: आपल्या देशात सरकारमान्य असलेलं, किमान दोन वर्षांचं व्यवसाय प्रशिक्षण.

आता आपल्या आयटीआयचे ट्रेड आठवा. इलेक्ट्रिशियन दोन वर्षं. वायरमन दोन वर्षं. फिटर दोन वर्षं. फ्रीज-एसीचा ट्रेड दोन वर्षं. प्लंबर? एक वर्ष. सुतार, एक वर्ष. वेल्डर, एक वर्ष. गवंडी, म्हणजे आपला बिल्डिंग कन्स्ट्रक्टर, तोही एकच वर्ष. मेसेजमध्ये ज्यांची नावं आधी घेतली आहेत, नेमके त्यांचेच ट्रेड या अटीत अडकतात. वीस वर्षं ओळंबा धरलेला मिस्त्री असो, ज्याची भिंत सुतात आहे हे कुणीही डोळ्यांनी सांगेल, त्याच्याकडे आयटीआयचा कागद नसेल तर हे तिन्ही दरवाजे त्याला बंद आहेत. हे न्याय्य आहे का? मला नाही वाटत. पण व्हिसाच्या खिडकीवर माझं मत विचारत नाहीत.

वयाचंही एक कलम आहे आणि ते कुठलाच एजंट सांगत नाही. 45 वर्षांपुढचा माणूस पहिल्यांदा कामाला जात असेल तर पगाराची वेगळी किमान मर्यादा लागते, 2025 मध्ये वर्षाला 53,130 युरो, नाहीतर म्हातारपणाची पुरेशी सोय दाखवावी लागते. साइटवरच्या साध्या मिस्त्रीला एवढा पगार सहसा देत नाहीत.

“मग तिथल्या साइटवर बिनकागदाचे परदेशी दिसतात ते कोण?” असं एकाने विचारलं. प्रश्न रास्त आहे. पोलंड-रुमानियाचे लोक युरोपीय संघातले, त्यांना परवानाच लागत नाही. सर्बिया, बोस्निया, कोसोव्हो, अल्बानिया अशा बाल्कन भागातल्या सहा देशांसाठी वेगळा नियम आहे, त्यांना प्रमाणपत्राशिवायही नोकरीवर येता येतं. भारत त्या यादीत नाही.

ज्याच्याकडे कागद नाही पण वय कमी आहे, त्याने तिथेच पगारी शिकाऊ म्हणून जाण्याचा विचार करावा. बांधकामाच्या ट्रेडमध्ये पहिल्या वर्षी महिना हजार युरोच्या आसपास मिळतात. जर्मन मात्र साधारण बी-वन पातळीची हवी (भाषेच्या पातळ्या ए-वन, ए-टू, बी-वन, बी-टू अशा चढत जातात), म्हणजे इथे बसून वर्षभर घासायची तयारी.

“भाषा लागत नाही”

गंमत अशी, की पूर्ण मान्यता मिळालेल्या कामगाराच्या व्हिसासाठी कायद्यात भाषेची ठरावीक पातळी लिहिलेली नाही. मेसेजवाला या फटीतून सुटतो. पण मान्यता-भागीदारीला ए-टू लागते, चान्सेनकार्टेला ए-वन जर्मन किंवा बी-टू इंग्रजी लागते. आणि मचाणावरून कुणी ‘आख्टुंग’ (सावधान) ओरडलं तर बाजूला व्हायचं की वर बघायचं, हे कळायला भाषाच लागते. मालक मुलाखतही बहुधा जर्मनमध्येच घेतो.

“तीन लाख पगार, राहणं-जेवण फुकट”

युरो शंभर रुपयांच्या आसपास धरला तर तीन लाख म्हणजे 3,000 युरो. मान्यता असलेल्या चांगल्या कारागिराला एवढा पगार मिळू शकतो. म्हणजे हेही साफ खोटं नाही. पण हा हातात येणारा पगार नव्हे.

तिथे पगार तासावर ठरतो. देशाचं किमान वेतन 1 जानेवारी 2026 पासून तासाला 13.90 युरो. बांधकामाचं स्वतःचं वेगळं किमान वेतन होतं, ते 2021 अखेर संपलं. आठवड्याला 40 तास धरले तर किमान वेतनावर महिन्याला साधारण 2,400 युरो होतात. पेन्शन, आरोग्य, बेकारी आणि शुश्रूषा या विम्यांचे हप्ते मिळून पाचव्या हिश्श्याहून थोडं जास्त कापलं जातं, वर आयकर. हातात सतराशेच्या आसपास येतात. 3,200 वाल्याला एकवीसशे-बावीसशे.

लग्न झालेल्यांना कर कमी, असंही एजंट सांगतात. बायको जर्मनीत सोबत राहत असेल तर हिशोब बदलतो. ती सांगलीला आणि तुम्ही स्टुटगार्टला असाल तर करवर्ग एकच, म्हणजे एकट्या माणसाचा.

आता खर्च. स्टुटगार्टसारख्या शहरात नुसती खोली पाच-सहाशे युरोंच्या खाली सहसा मिळत नाही. राहणं ‘फुकट’ असेल तर ते करारात लिहिलेलं हवं, नाहीतर तेच भाडं पगारातून वळतं होतं. टीव्ही नसला तरी दर घराला महिना 18.36 युरो रेडिओ-टीव्हीची वर्गणी भरावी लागते. नव्याने गेलेली पोरं याच बिलावर सगळ्यात जास्त चिडतात.

आणि थंडी. डिसेंबर ते मार्च बर्फामुळे, पावसामुळे काम थांबतं. त्या काळात पगार तुटू नये म्हणून सरकारी भत्ता असतो, पण तो बुडालेल्या निव्वळ पगाराच्या 60 टक्के, मूल असेल तर 67. गावी दर महिन्याला ठरलेली रक्कम पाठवायची म्हणून कर्ज काढून जाणाऱ्याने हे चार महिने आधी मोजावेत.

“टुरिस्ट व्हिसावर जा, परमिट तिथे होतं”

नाही होत. टुरिस्ट म्हणून मिळणाऱ्या शेंगेन व्हिसावर 90 दिवस फिरता येतं, काम करता येत नाही, आणि कामाचा व्हिसा घ्यायला साधारणपणे परत भारतातच यावं लागतं. बांधकामाच्या साइटवर तर तिथल्या सीमाशुल्क खात्याचं बेकायदा कामावर नजर ठेवणारं पथक सर्रास धाड टाकतं. कायद्याने साइटवर प्रत्येकाने ओळखपत्र किंवा पासपोर्ट जवळ ठेवायचा असतो. सापडलात तर परत पाठवणी आणि पुढे प्रवेशबंदी. खरा, नीट मिळणारा कामाचा व्हिसा पुन्हा कधी मागायचा झाला तर हा डाग आडवा येतो.

नोकरी शोधायलाच जायचं असेल तर कायदेशीर मार्ग चान्सेनकार्टेचा. शिक्षण, अनुभव, भाषा, वय यांवर मिळणारे किमान सहा गुण हवेत, आणि राहण्याखाण्याचे पैसे दाखवावे लागतात, 2025 मध्ये महिना 1,091 युरो, म्हणजे वर्षाचे तेरा हजारांवर. तोवर आठवड्याला 20 तासांपर्यंत काम चालतं.

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याला ‘वर्क परमिट’चं पीडीएफ आलं होतं. वर काळा गरुड, खाली लाल गोल शिक्का. पगाराच्या रकान्यात ‘3,00,000 आयएनआर’. जर्मन कंपनी रुपयांत पगार कशाला लिहील? तासाचा दर नाही, आठवड्याचे तास नाहीत, रजा नाहीत, साइटचं गाव नाही, आणि कंपनीचा ईमेल जीमेलचा. मुळात जर्मनी वर्क परमिटचं वेगळं कार्ड देतच नाही. कामाची परवानगी व्हिसावर आणि पुढे निवास परवान्यावर नोंदलेली असते. मालकाला तिथल्या कार्यालयाकडून आधी संमतिपत्र मिळू शकतं, पण व्हिसा लागेपर्यंत त्याचा उपयोग शून्य.

“दोन वर्षांत स्वतःचा ठेका”

इथे मिस्त्री चार बिगारी घेऊन ठेकेदार होतो, तसं तिथे होत नाही. गवंडीकाम, सुतारी, वीज, प्लंबिंग या कामांचा स्वतःचा धंदा काढायला सर्वसाधारणपणे ‘माइस्टर’ म्हणजे उस्ताद कारागिराची परीक्षा पास हवी आणि कारागीर नोंदवहीत नाव हवं. फरशीकामाला ही अट मध्ये उठवली होती, 2020 मध्ये पुन्हा लावली. त्यापेक्षा हाताशी येणारी गोष्ट कायम वास्तव्याची आहे: मान्यताप्राप्त कुशल कामगाराला तीन वर्षांनी, तेवढ्या काळाचे पेन्शन हप्ते आणि बी-वन जर्मन असेल तर, त्यासाठी अर्ज करता येतो. मेसेजमध्ये नेमकी हीच नाही.

“फक्त प्रोसेसिंगचे अडीच लाख”

कामाच्या व्हिसाची फी 75 युरो आहे. मालकाने वेगवान प्रक्रिया निवडली तर तिथल्या कार्यालयाचे 411 युरो. बाकी मान्यता, भाषांतरं, भाषेचा क्लास, परीक्षा आणि तिकीट. हा खर्च कमी नाही, पण प्रत्येक रकमेची पावती असते.

परदेशी नोकरीसाठी कामगार भरती करणाऱ्या एजंटला 1983 च्या उत्प्रवासन कायद्याखाली नोंदणी लागते. त्याने कामगाराकडून घ्यायचं सेवाशुल्क जास्तीत जास्त 30,000 रुपये आणि त्यावर जीएसटी, तेही पावती देऊन. नोंदणी आहे की नाही हे सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर पाहता येतं, आणि मुंबईत उत्प्रवासी संरक्षकांचं कार्यालय आहे. जर्मन कंपनी खरी आहे का हे तिथल्या व्यापार नोंदणीच्या संकेतस्थळावर फुकट तपासता येतं. एजंट कंपनीचं नाव ‘व्हिसा आल्यावर सांगतो’ म्हणाला, तर पैसे भरण्याआधी तिथेच थांबा आणि तुमच्या आयटीआयच्या प्रमाणपत्रावर ट्रेडचा कालावधी किती लिहिलाय ते आधी बघा.