रुपयातली बेरी

परवा शनिवारी भरदुपारी मी एका सराफाच्या दुकानात पोटावर पालथा पडलो होतो. माझ्या डाव्या बाजूला दुकानातला पोऱ्या, उजवीकडे बंदूक भिंतीला टेकवून ठेवलेला वॉचमन. तिघांची तोंडं सोफ्याखाली. शटर अर्ध्यावर ओढलेलं, आणि 'सापडेपर्यंत कोणी बाहेर जायचं नाही' असं शेठनी जाहीर केलेलं. सोफ्याखाली माझा १८४० सालचा राणीछाप रुपया होता. सोफ्यावर, पाय वर घेऊन, ज्यांनी तो खाली पाठवला त्या आजी बसल्या होत्या आणि वरून आम्हाला सांगत होत्या, "नीट बघा रे, घाई करू नका."

मी तिथे गेलो होतो ते फक्त वजन करायला. ईस्ट इंडिया कंपनीच्या रुपयाचं वजन ११.६६ ग्रॅम. बाजारात साच्यात ओतलेले खोटे रुपये इतके आलेत की वजन जुळल्याशिवाय मला झोप लागत नाही, आणि आमच्या स्वयंपाकघरातला काटा ११ तरी म्हणतो नाहीतर १२. काउंटरवरच्या मुलानं रुपया काट्यावर ठेवायच्या आतच विचारलं, "सर, मोडायचाय का?" नाही म्हटल्यावर त्याचा चेहरा चहात माशी पडल्यासारखा झाला. काट्यावर आलं ११.६१. दीडशे वर्षांहून जास्त झिजून एवढंच गेलं, मी खूश. तो म्हणाला, "तोळ्याच्या वर दीड ग्रॅम भरतोय की!"

आता यावर खरं तर गप्प बसायचं. पण १८३३ साली तोळा ठरला तोच मुळी १८० ग्रेनचा, म्हणजे ११.६६ ग्रॅमचा, आणि कंपनीचा रुपयाही १८० ग्रेनचाच. म्हणजे हा रुपया हाच तोळा. पुढे सराफांनी तोळा दहा ग्रॅमचा करून टाकला, आणि परवा माझा रुपया माझ्या डोळ्यांदेखत स्वतःपेक्षाच जड भरला. हे मी त्या मुलाला सांगितलं. तो म्हणाला, "सर, पावती करायची नाहीये ना?"

तेवढ्यावर घरी आलो असतो तर हा लेख झाला नसता. पण दुकानात दिवे असे लखलखीत की मोह झाला. सोफ्यावर बसलो, खिशातून भिंग काढलं आणि बेरी मोजायला लागलो.

बेरी म्हणजे काय ते सांगायला हवं. १८४० च्या रुपयाच्या मागच्या बाजूला पानांची एक माळ आहे. त्या पानांमध्ये मोहरीएवढीसुद्धा नाहीत अशी गोल गोल फळं. आम्ही नाणीवाले त्यांना बेरी म्हणतो. रुपये पाडायचे ते पोलादी ठशांमधून, ठसे झिजायचे, फुटायचे, नवे व्हायचे, आणि प्रत्येक टाकसाळीचा कारागीर आपल्या हातानं थोडं इकडचं तिकडे करायचा. त्यामुळे कुठे २८ बेरी, कुठे ३५. कुठे राणीचं नाव डोक्यावरून सलग जातं, कुठे डोकं मध्ये घुसून 'व्हिक्टोरिया' एकीकडे आणि 'क्वीन' दुसरीकडे. त्याआधीच्या १८३५ च्या, राजा चौथ्या विल्यमच्या रुपयावर मानेखाली एक 'एफ' आहे, तो उठावात आहे की खोदलेला यावरून सभ्य माणसं एकमेकांशी बोलायची थांबलेली मी पाहिली आहेत. आणि साल बघून काही कळेल म्हणाल तर तेही नाही. १८४० हा आकडा कंपनीनं वीसेक वर्षं तसाच छापला. मग १८६२ आलं, ते १८७४ पर्यंत हललं नाही. मुंबईच्या टाकसाळीत तर साल बदलण्याऐवजी नुसते टिंब वाढवत गेले. कॅलेंडर न बदलणारी कचेरी आपल्याकडे नवी नाही.

तर मी मोजत होतो. एकोणीसपर्यंत आलो होतो.

"काय बघतोयस रे बाळा एवढं?"

माझं वय बावन्न. डोक्यावर जे होतं ते गेलंय. पण शेजारच्या आजी नव्वदीच्या असाव्यात, नऊवारीतल्या, मांडीवर पैंजणांची डबी. त्यांना मी बाळच.

"बेरी मोजतोय आजी."

"बेरी? लोणी कढवल्यावर खाली राहते ती?"

"ती नाही. रुपयावरची."

"रुपयावर बेरी कशी येईल? तुपाचा हात लावलास का?"

पलीकडून त्यांचा नातू मोबाइलमधून डोकं न काढता म्हणाला, "अगं आजी, बेरीज म्हणतायत ते."

"एका रुपयाची कसली बेरीज?" असं म्हणून आजींनी हात पुढे केला. आणि मी, ज्यानं सख्ख्या मेव्हण्याला नाणं कडेनं धरत नाही म्हणून जेवायच्या ताटावरून बोललो होतो, त्या मी तो रुपया त्यांच्या हातात ठेवला. आजीला नाही म्हणता येत नाही. ही माझी चूक.

त्यांनी तो मुठीत धरला. मग पदरानं पुसला. राणीच्या गालावर दीडशे वर्षांची सुरेख करडी झाक होती, ती घालवायचा त्यांनी मनापासून प्रयत्न केला. "किती काळवंडलाय! चिंच लावत नाहीस का?" माझ्या तोंडून आवाज फुटेना. आमच्यात धुतलेल्या नाण्याला कोणी विचारत नाही, हे मी कुठल्या तोंडानं सांगणार होतो? नातवानं तोवर फोनवर फोटो काढून मोठा केला होता. "एकतीस आहेत," तो म्हणाला. काउंटरवरचा मुलगा वाकून, "तेहतीस." शेठ लांबूनच, "धरून चाला तीसेक." चौतीसावर एक गिऱ्हाईक बाई ठाम होत्या. बेरी कशाला म्हणतात हे त्यांच्यापैकी कोणालाही मी सांगितलं नव्हतं.

"पण किती येतील याचे?" नातू. हा प्रश्न येतोच. तुम्ही ठसा, माळ, टाकसाळ, काहीही सांगा, समोरचा त्याची वाट बघत उभा असतो. मग पुढचं वाक्यही ठरलेलं: "माझ्याकडे वैष्णोदेवीचं पाचचं नाणं आहे." आहेच. प्रत्येकाकडे आहे. २०१२ साली निघालेलं, चलनातलं, पाच रुपयांचं नाणं. पण कुठल्यातरी व्हिडिओत त्याला लाखो मिळाले, त्यामुळे आता मी खोटारडा. अशा व्यवहारांच्या नादी लागू नका म्हणून रिझर्व्ह बँकेनं २०२१ मध्ये पत्रक काढलं, ते कोणी पुढे पाठवत नाही. आणि आमचे नाणीवाले तरी काय? गेल्या महिन्यात एकानं '३५ बेरी, दुर्मीळ' म्हणून फोटो पाठवला. नाणं अंगठ्याखाली असं धरलेलं की सात बेरी नेमक्या झाकलेल्या.

हे सगळं माझ्या मनात चाललेलं असताना आजी म्हणाल्या, "खरा आहे की खोटा ते बघू आधी," आणि रुपया अंगठ्यानं उडवून थेट फरशीवर टाकला.

टण्ण.

खोटं कशाला सांगू, नाद सुंदर होता. देवळातली घंटा लांबून ऐकू यावी तसा, शेवटपर्यंत न तुटलेला. दुकान गप्प झालं. "खरा आहे," आजी म्हणाल्या. "आमचे सासरे असेच वाजवून घ्यायचे. रुपयाभार चांदी पुरी आहे." मी काट्यावर, भिंगाखाली, तीन पुस्तकं उघडून जे ठरवत होतो ते त्यांनी एका टण्णमध्ये उरकलं. वर रुपयाभार म्हणजे तोळा, हेही त्यांना ठाऊक. अख्ख्या दुकानात माझ्या बाजूचं एकच माणूस निघालं आणि त्यानंच रुपया आपटला.

तोवर रुपया काठावर उभा राहून सोफ्याखाली गेला होता.

वॉचमनला तो सापडला, केरसुणीच्या काडीनं, एका जुन्या फिरकीबरोबर. फिरकी कोणाची यावर वेगळा वाद झाला. मी रुपया दिव्याखाली धरला. कडेला, तारखेच्या डाव्या अंगाला, मुंगीच्या चाव्याएवढी चांदी आत दबलेली आणि चकचकीत. बाकी सगळी कड करडी, तेवढीच पांढरी.

"काही झालं का रे?" आजींनी विचारलं.

"नाही आजी."

"लक्ष्मीपूजनाला ठेवत जा. दह्यानं धू."

घरी येऊन रात्री दोनदा मोजल्या. एकदा २८, एकदा २७. बायकोला विचारलं तर म्हणाली, उद्या उजेडात बघू. नाण्याच्या पाकिटावर आम्ही बारीक अक्षरात वजन, ठसा, दोष असं सगळं लिहितो, पुढे कोणाच्या हाती गेलं तर फसवणूक नको म्हणून. मी लिहिलं: १८४०, ११.६१ ग्रॅम, बेरी २८(?), कडेला ठोका, कारण आजी.