कोल्ड वॉरची सुरुवात शोधायची असेल तर आधी पोलंडकडे बघा

कोल्ड वॉर कधी सुरू झालं विचारलं की बरेच जण चर्चिलचं मार्च १९४६ चं अमेरिकेतल्या फुल्टनचं भाषण सांगतात, युरोपवर पोलादी पडदा पडलाय वगैरे, नाहीतर अमेरिकेचा अध्यक्ष ट्रुमनची कम्युनिझम रोखायची १९४७ ची घोषणा. भांडवलशाही विरुद्ध कम्युनिझम, विषय संपला. मला हे कधीच पटलेलं नाही. विचार तर १९१७ पासूनच वेगळे होते की, तरी हिटलरविरुद्ध एकत्र लढलेच ना हे लोक? मग बिनसलं कुठे? माझं मत स्पष्ट आहे, पोलंडवरून बिनसलं.

१ सप्टेंबर १९३९ ला हिटलर पश्चिमेकडून घुसला आणि १७ तारखेला स्टालिन पूर्वेकडून. १९४० मध्ये कातिनच्या जंगलात आणि इतर ठिकाणी मिळून जवळपास २२ हजार पोलिश लष्करी अधिकारी, पोलीस, शिकलेसवरलेले लोक सोव्हिएत गुप्त पोलिसांनी गोळ्या घालून मारले. १९४३ ला त्या कबरी सापडल्या, देश सोडून लंडनमध्ये बसलेल्या पोलिश सरकारने रेड क्रॉसकडून चौकशी मागितली तर स्टालिनने त्यांच्याशी संबंधच तोडले, आणि ब्रिटनचे पंतप्रधान चर्चिल आणि अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांनी विषय दाबला, कारण जमिनीवर जर्मनांशी मोठी लढाई तेव्हा लाल सेनाच लढत होती. मग ऑगस्ट १९४४, वॉर्सा शहर जर्मनांविरुद्ध उठलं, ६३ दिवस लढलं, सप्टेंबरच्या मध्यापासून तर लाल सेना नदीच्या पलीकडच्या काठावर येऊन थांबली होती, आणि मदत टाकायला येणाऱ्या ब्रिटिश-अमेरिकन विमानांना आपल्या तळांवर उतरू द्यायलासुद्धा स्टालिनने कित्येक आठवडे नकार दिला. हे वाचताना आजही पोटात कालवतं.

स्टालिनची काहीच बाजू नव्हती असं मी म्हणत नाही. तीस वर्षांत दोनदा जर्मन फौजा पोलंडच्याच बाजूने आल्या, या युद्धात सोव्हिएत युनियनची सुमारे २ कोटी ७० लाख माणसं गेली. ज्याच्या घरात एवढी मयतं झाली तो परत दार उघडं टाकून झोपणार नाही, हे कळतं मला. पण म्हणून शेजाऱ्याचं घरच ताब्यात घ्यायचं?

फेब्रुवारी १९४५ ला याल्टात स्टालिन, चर्चिल, रूझवेल्ट बसले तेव्हा पोलंडमध्ये मोकळ्या निवडणुका घ्यायचं ठरलं, पूर्वेकडचा मोठा भाग मात्र सोव्हिएत युनियनला देऊन टाकला, पोलिश लोकांना न विचारता. एप्रिलमध्ये रूझवेल्ट वारले आणि ट्रुमनने खुर्चीवर बसून दोन आठवडे व्हायच्या आतच सोव्हिएत परराष्ट्रमंत्री मोलोटोव्हला याच पोलंडवरून झापलं. तरी जुलैमध्ये अमेरिका-ब्रिटनने मॉस्कोच्या मर्जीतल्या सरकारला मान्यता दिलीच. निवडणूक झाली जानेवारी १९४७ ला, तीही धाकदपटशा आणि घोटाळा करून. पुढचं मार्शल प्लॅन म्हणजे युरोपला अमेरिकेची आर्थिक मदत, सोव्हिएतांनी केलेली बर्लिनची नाकेबंदी, नाटो हा लष्करी गट, हे सगळं तुटलेल्या विश्वासावरच उभं राहिलं.

मी कोल्हापूरचा, म्हणून हा विषय माझ्यासाठी पुस्तकातला नाही. कोल्हापूरजवळच्या आपल्या वळिवड्यात १९४३ ते ४८ जवळपास ५ हजार पोलिश लोक राहिले, त्यात बायका आणि पोरंच जास्त. स्टालिनने पूर्व पोलंडमधून सायबेरियाकडे हाकललेली, तिथून इराणमार्गे इथवर आलेली माणसं. युद्ध संपलं, हिटलर हरला, पण यातले बरेच जण पोलंडला परतलेच नाहीत, कुणी ब्रिटनला गेलं, कुणी ऑस्ट्रेलियाला, कारण ज्या गावांतून त्यांना उचललं होतं ती गावं आता पोलंडमध्ये नव्हतीच.