म्हणे, दीपगृहं बंद करा!

जळगावच्या एका ग्रुपवर आज कुणी भाऊंनी खांदेरीच्या दीपगृहाचा फोटो टाकला आणि वर लिहिलं, "जीपीएस आलं, आता हे पांढरे हत्ती कशाला पोसायचे?" खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग. डोकंच फिरलं.

अहो भाऊ, आपल्या रावेर-यावलची केळी न्हावाशेव्यावरूनच आखातात जातात ना? मुंबई बंदराच्या दक्षिणेला, त्या जहाजांच्या वाटेजवळच खांदेरी बेट आहे. 1679 मध्ये महाराजांनी इंग्रजांच्या नाकावर टिच्चून तिथे तटबंदी उभी केली. 1867 पासून तिथे दीपगृह आहे.

जीपीएसचा सिग्नल मुळातच दुबळा. कुणी जॅमर लावला की पडद्यावरचं जहाज गायब होतं किंवा भलतीकडेच दिसतं. 2025 च्या जूनमध्ये होर्मुझच्या सामुद्रधुनीजवळ हेच झालं. दिव्याला जॅमर नाही. दोन दिव्यांच्या दिशा होकायंत्रावर घ्या, नकाशावर रेषा ओढा. छेदतात तिथे तुम्ही. तिसऱ्या दिव्याची रेषाही घ्यायची. ती त्याच बिंदूतून गेली नाही तर कुठेतरी चुकलंय.

दिसतो किती लांबून? मीटरमधल्या उंचीचं वर्गमूळ गुणिले 2.08, उत्तर सागरी मैलांत. दिव्याचं आणि बघणाऱ्याचं वेगळं काढायचं आणि बेरीज करायची. दिवा 36 मीटरवर आणि बघणारा 25 मीटरवर असेल तर 12.5 अधिक 10.4, म्हणजे जवळपास 23 सागरी मैल. हवा स्वच्छ हवी आणि दिव्यात तेवढा जोर हवा.

"पोसायचे" म्हणणाऱ्यांनी देखभाल बघावी एकदा. जुन्या मोठ्या दीपगृहांत टनावारी वजनाचं भिंग पाऱ्यावर तरंगतं, बोटाने ढकललं तरी फिरतं. पाऱ्यावर मळी धरली की घर्षण वाढतं, भिंग मंदावतं, दर 10 सेकंदांनी येणारा झोत 12 वर जातो आणि त्या सेकंदांवरूनच दीपगृह ओळखणारा खलाशी त्याला दुसरंच दीपगृह समजतो. दिवसा पडदे ओढावे लागतात, नाहीतर तेच भिंग उन्हाने आतला दिवा जाळेल. काचेवरचं मीठ गोड्या पाण्याने धुवायचं. कोरडं पुसलं की चरे. एलईडी आले तरी सोलर पॅनलवर पक्ष्यांची घाण आणि पावसाळ्यात उपाशी बॅटरी आहेच.

मोठ्या जहाजांचं दिव्यावाचून फारसं अडत नाही, हे मान्य. छोट्या होडीवाल्याचं अडतं.

असो, भाऊंचा राग नाही. आपल्याकडे समुद्र कुठाय! पण अलिबागला गेलात तर रात्री थळच्या किनाऱ्यावर जा आणि खांदेरीच्या दोन झोतांमधले सेकंद घड्याळ लावून मोजा. आकडा त्याच फोटोखाली टाका.