‘टायगरमिल्क’ची प्रत्येक एलपी 1996ची नसते

पुण्यातल्या रेकॉर्डवाल्यांच्या व्हॉट्सॲप गटांत फिरतंय की ‘बेल अँड सेबॅस्टियन’ या स्कॉटिश बँडच्या ‘टायगरमिल्क’ अल्बमची कुठलीही एलपी, म्हणजे विनाइलची मोठी तबकडी, ही मूळ हजारातली एक. साफ चूक. 1996 साली ग्लासगोच्या स्टो कॉलेजच्या ‘इलेक्ट्रिक हनी’ या रेकॉर्ड कंपनीकडून 1000 प्रती निघाल्या, एवढं खरं. पण 1999 मध्ये ‘जीपस्टर’ या कंपनीनं तो अल्बम पुन्हा काढला, एलपीवरसुद्धा.

जुन्या बाजारात हाती लागली, तर आधी तबकडी बाहेर काढा. कव्हर एकाचं नि तबकडी दुसऱ्याची, हा प्रकार सर्रास चालतो. मधल्या कागदी लेबलवर ‘जीपस्टर’ दिसलं की विषय संपला, ती मूळ हजारातली नव्हे. नसेल, तर शेवटचं गाणं आणि लेबल यांमधल्या गुळगुळीत पट्टीवर मोबाइलचा टॉर्च तिरका धरा. तिथं कोरलेला क्रमांक कव्हरवरच्या क्रमांकाशी ताडून पाहा. पूर्ण वेगळा निघाला, तर जोडी जमवलेली असण्याची शंका घ्या. प्लॅस्टिकचं सील पुरावा नव्हे, ते कुणीही चढवतं.

‘तबकडीचं वजन 180 ग्रॅम, म्हणून आवाज सरस’ हेही ऐकू येतं. जाड तबकडी वाकते कमी, इतकंच. आवाज मास्टरिंगवर (ध्वनिमुद्रणाला दिलेला शेवटचा हात) आणि प्रेसिंगवर (तबकडी छापण्याचं काम) ठरतो. एप्रिलच्या उन्हात गाडीत विसरलात, तर तीही वाकेल.