कुत्र्यांना पत्ते दिले की व्यंगचित्र होत नाही

टेबलाभोवती बसून पत्ते खेळणाऱ्या कुत्र्यांचं ते प्रसिद्ध चित्र मला कधीच आवडलं नाही. सीवूड्सच्या एका कॅफेत परवा पुन्हा दिसलं. कूलिज या अमेरिकन चित्रकारानं १९०३ पासून ही मालिका सिगारच्या जाहिरातीसाठी काढली. गोड आहे, पण कुत्र्यांच्या जागी माणसं बसवली तर काय बिघडेल? काहीच नाही. मग कुत्रे कशाला राबवले?

आता नेदरलँड्समधल्या हार्लेमच्या फ्रान्स हाल्स संग्रहालयातलं धाकट्या यान ब्रूगेलचं चित्र बघा. १६३७ च्या फेब्रुवारीत हॉलंडमध्ये ट्यूलिपच्या कंदांचे सट्ट्यानं भडकलेले भाव कोसळले, त्यानंतर १६४० च्या सुमारास त्यानं हे रंगवलं. व्यापारी, गिऱ्हाईक, सगळी माकडंच. थाटात सौदे चाललेत, पैसे मोजले जातायत, एकाला कोर्टात खेचलंय. आणि एक पठ्ठ्या त्या महागड्या फुलांवर चक्क मुततोय! इथे माकडच हवं, कारण माकड नक्कल करतं. शेजाऱ्यानं घेतलं, मग मीही घेणार, एवढंच ते सगळं प्रकरण होतं. नवी मुंबईत उलवे-द्रोणागिरीकडे ‘विमानतळ येतोय’ एवढ्या भांडवलावर प्लॉट घेतलेल्यांना (आमच्या घरातही आहेत, नावं सांगत नाही) जास्त समजावायला नको.

आपल्याकडचं कालीघाटचं मांजर तर याहून तिखट. एकोणिसाव्या शतकात कोलकात्याच्या पटुआंनी, म्हणजे पटचित्रं काढणाऱ्यांनी काढलेलं. कपाळावर वैष्णवाचा टिळा आणि तोंडात कोळंबी. बस्स. ना अंगरखा, ना खुर्ची. ढोंगी बुवा ओळखायला आणखी काय लागतं? हा विनोद त्याहून कितीतरी जुना. महाबलीपुरमच्या सातव्या शतकातल्या शिल्पात एक मांजर पुढचे पाय वर करून तप करतंय आणि पायाशी उंदीर जमलेत.

बँक्सी या अनामिक ब्रिटिश भित्तिचित्रकारानं २००९ मध्ये एका चित्रात ब्रिटिश संसदेत चिंपांझी बसवले. २०१९ च्या लिलावात ते चित्र जवळपास ९९ लाख पौंडांना गेलं. मला विचाराल तर तो सोपा नेम. खासदारांना माकड म्हटलं की आपण सगळे टाळ्या वाजवायला मोकळे. ब्रूगेल टाळ्या वाजवू देत नाही, कारण गर्दीत आपणच असतो.

नवी मुंबईत भिंती रंगवायची हौस दांडगी. फ्लेमिंगो झाले, कमळं झाली. आता एखाद्या बिल्डरच्या बुकिंग ऑफिससमोरच्या भिंतीवर ती माकडं येऊ द्या. रंगाचे पैसे मी देतो, सोसायटीची एनओसी तेवढी कुणीतरी आणा.