टाके पाण्याने उसवत नाहीत

ताई,

टाक्यांच्या जखमेला दोन दिवसांनी पाणी लागलं तरी चालतं, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. ते वाचून तुमच्या वडिलांनी तिसऱ्या दिवशी आंघोळ केली. पुढच्या आठवड्यात पाठीवरचा मस काढलेली जागा उकलली. 'असं लिहून लोकांच्या जिवाशी खेळू नका,' असं तुम्ही कळवलंत. वडिलांच्या पाठीवर उघडी जखम दिसत असताना तुम्ही शांतपणे लिहाल अशी अपेक्षा मी करणार नाही. पण पाण्याबद्दल जे लिहिलं त्यावर मी ठाम आहे.

टाके घालून कडा नीट जुळवल्या की साधारण ४८ तासांत वरून त्वचेच्या पेशींचा पातळ थर धरतो आणि बाहेरचं पाणी आत जात नाही. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमधल्या मॅके इथे याचा मोठा अभ्यास झाला, तो २००६ मध्ये छापून आला. त्वचेची लहान शस्त्रक्रिया झालेले ८५७ रुग्ण त्यात होते. अर्ध्यांनी लवकर पट्टी काढून नेहमीसारखी आंघोळ करायची, बाकीच्यांनी जागा झाकून कोरडी ठेवायची. जंतुसंसर्ग पहिल्या गटात ८.४ टक्के, दुसऱ्यात ८.९ टक्के. तिथली हवा आपल्या कोकणासारखीच उष्ण-दमट, म्हणून मला हा अभ्यास आपल्यासाठी जास्त मोलाचा वाटतो. अर्थात आंघोळ म्हणजे अंगावरून पाणी घेणं आणि जागा हलक्या हाताने टिपून घेणं. विहिरीत उतरणं नव्हे.

तुमच्या मजकुरातल्या दोन गोष्टींनी मी थांबले. लग्नाला गावी जायचं म्हणून टाके सातव्या दिवशी काढले, आणि वडिलांना 'थोडीशी शुगर' आहे.

चेहऱ्यावरचे टाके पाच-सात दिवसांत काढतात, कारण तिथे रक्तपुरवठा भरपूर आणि ताण कमी. पाठीचं तसं नाही. वाकलं, हात वर केला, बॅग उचलली की तिथली कातडी दोन्ही बाजूंनी ओढली जाते, म्हणून टाके बहुधा १० ते १४ दिवस ठेवतात. पहिल्या आठवड्याच्या शेवटी त्या जागेला मूळ त्वचेच्या जेमतेम ३ टक्के बळ आलेलं असतं. तीन आठवड्यांनी २० च्या आसपास, तीन महिन्यांनी ८०. पूर्ण १०० कधीच होत नाही. म्हणजे वरून भरलेली दिसणारी जखम आतून अजून कच्ची असते. पक्की शिवण घालण्याआधीच कच्चा दोरा ओढून काढला, तर कापड सुटणारच. त्यात साखर वाढलेली असली की पांढऱ्या पेशी जंतूंशी नीट लढत नाहीत आणि नवं कोलॅजनही, म्हणजे त्वचेला बळ देणारं प्रथिन, सावकाश तयार होतं. 'थोडीशी' किती, ते तीन महिन्यांच्या साखरेच्या तपासणीतून कळेल. ती या आठवड्यातच करून घ्या.

आता तुम्ही लिहिलेल्या हळदीबद्दल. हळदीवर प्रयोगशाळेत चांगलं काम झालं आहे, पण डब्यातली पूड निर्जंतुक नसते. उघड्या जखमेत ती कृपा करून भरू नका. 'आंबट बंद केलंय' हे वाचून तर मला वाईट वाटलं. कोलॅजन घट्ट विणायला क जीवनसत्त्व लागतं आणि आपण नेमकं लिंबू-आवळाच थांबवतो! वडिलांना लिंबू द्या, डाळ, अंडी, दही द्या. अँटिबायोटिक पावडरही नको. अशा काही पावडरींत निओमायसिन हे अँटिबायोटिक असतं, त्याची काहींना अ‍ॅलर्जी असते. मग जागा लाल होते, खाजते, बारीक फोड येतात. घरचे त्याला संसर्ग समजून आणखी पावडर टाकतात.

उकललेली जखम डॉक्टरांनी पुन्हा शिवली नाही, हा निष्काळजीपणा असं तुम्ही म्हणता. मला तो योग्य निर्णय वाटतो. उघड्या राहिलेल्या जखमेत जंतू शिरलेले असू शकतात, वरून शिवलं तर ते आत कोंडले जातील. तिला तळापासून भरून येऊ द्यायचं. काही आठवडे लागतील, व्रण थोडा रुंद राहील. तळाशी लाल, दाणेदार मांस दिसलं तर घाबरू नका, ते भरत असल्याचं लक्षण आहे. मात्र दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढलं, लाली पसरत गेली, घाण वास किंवा पू आला, ताप चढला, तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी दाखवा.

आणखी एक. काढलेला मस तपासणीला पाठवला होता का, हे तुमच्या मजकुरात कुठेच नाही. या वयात पाठीवर वाढत गेलेल्या काळ्या मसाचा बायोप्सी रिपोर्ट हातात हवाच. ड्रेसिंगला जाल तेव्हा तो मागून घ्या, आणि मस पाठवलाच नसेल तर तसं डॉक्टरांना स्पष्ट विचारा.