एक स्टार मान्य, पण हँडलला भोक पाडू नका

नमस्कार दादा,

रिव्ह्यू वाचला. इतर वाचणाऱ्यांसाठी आधी थोडक्यात सांगतो. दादांनी महिन्याभरापूर्वी आमच्याकडून ३० पाउंडांचं (म्हणजे ओढायला तेवढा जोर लागणारं) एकसंध पारंपरिक धनुष्य आणि सहा कार्बन बाण नेले. १५ मीटरवरून बाण सारखे डावीकडे जातात. "साईट, म्हणजे नेम धरायची पिन, बसवून द्या" म्हणून ते परत आले, तर आम्ही नाही म्हटलं. वर काउंटरवरचा आमचा पोरगा त्यांना म्हणाला, "अर्जुनाला कुठे होती साईट?" दादांनी एक स्टार दिला आणि लिहिलं की टीव्हीवर सगळ्यांच्या धनुष्याला साईट दिसते, मग यालाच का नाही, साईट मागवली आहे, आता ओळखीच्या सुताराकडून दोन भोकं पाडून घेतो.

दादा, बाकी भांडण नंतर करू, पण सुताराकडे जाऊ नका. ते हँडल भरीव लाकडाच्या ठोकळ्यासारखं दिसतं खरं, पण लाकडाचे थर चिकटवून ते केलेलं आहे आणि दोरी ओढली की सगळा ताण त्याच्यातूनच जातो. भोक पाडलं की तंतू तिथे तुटतात आणि चीर तिथूनच सुरू होते. असं धनुष्य मोडतं ते पूर्ण ओढलेलं असताना, आणि तेव्हा तुमचा चेहरा त्याच्यापासून हातभर अंतरावर असतो. साईटसाठी केलेल्या धनुष्यात पितळी बुश (स्क्रू बसवायच्या आट्यांच्या नळ्या) कारखान्यातच बसवलेले असतात, तुमच्यात ते नाहीत. म्हणून मी नाही म्हटलं. पैसे वाचवायला नाही.

अर्जुनाबद्दल माफी. गिऱ्हाईक अडचण घेऊन आलं की त्याला महाभारत ऐकवायचं नसतं, हे पोराला सांगितलं आहे. त्याचं म्हणणं तसंही चुकीचंच होतं, त्याच्याकडे पुढे येतो.

आता जी चूक तुम्ही लिहिलीच नाही, ती मीच सांगतो. तुमचा रिव्ह्यू वाचून जुनं बिल काढलं. तुम्हाला ५०० स्पाईनचे बाण दिले गेलेत. तेव्हा दुकानात तेवढेच शिल्लक होते आणि पोराने ते बांधून दिले. स्पाईन म्हणजे बाणाचा ताठपणा. २८ इंचांवरच्या दोन टेक्यांवर बाणाची काडी ठेवायची, मधोमध सुमारे ८८० ग्रॅम वजन टांगायचं आणि ती किती वाकते ते इंचाच्या हजाराव्या भागात मोजायचं. ५०० म्हणजे अर्धा इंच वाकली. आकडा जितका मोठा, तितका बाण लवचिक. ३० पाउंडांच्या धनुष्याला ५०० म्हणजे सळईच झाली.

आणि तुमच्या धनुष्यात हा ताठपणा जास्तच नडतो. ऑलिम्पिकच्या रिकर्व्हमध्ये, म्हणजे टोकं पुढे वळलेल्या धनुष्यात, हँडल मध्यरेषेच्याही आतपर्यंत कापलेलं असतं, त्यामुळे बाण जवळपास सरळ समोर बघतो. पारंपरिक धनुष्यात तसं नसतं. तुम्ही उजव्या हाताने ओढता, बाण हँडलच्या डाव्या अंगाला टेकतो आणि त्याचं तोंड आधीच जरा डावीकडे असतं. दोरी सुटली की बाणाने माशासारखं वळवळत हँडलला वळसा घालून पुन्हा रेषेवर यायचं असतं. ताठ बाण वाकतच नाही. तो हँडलला घासतो आणि डावीकडे जातो. तुम्ही परत आलात तेव्हा बाण टेकतो तिथे घासल्याचा डाग मी पाहिला होता. माझ्या डोक्यात तेव्हाच उजेड पडायला हवा होता, पण आपण दोघं साईटवरून वाद घालत बसलो.

म्हणजे तुमचा एक स्टार बरोबर आहे, कारण तेवढं वेगळं.

त्या दिवशी मी साईट लावून दिली असती तर काय झालं असतं? तुम्ही पिन डावीकडे, अजून डावीकडे सरकवली असती, चार बाण मध्याजवळ पडले असते आणि आपण दोघं खूश झालो असतो. घासणं मात्र तसंच चाललं असतं, आणि घासणारा बाण दर वेळी सारखा घासत नाही.

टीव्हीचं म्हणाल, तर २०२३ साली बर्लिनला साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे जगज्जेते झाले, तेव्हापासून दुकानात येणारा दर दुसरा माणूस तुमचाच प्रश्न विचारतो. ते दोघं कंपाऊंड, म्हणजे टोकांना चाकं असलेलं धनुष्य, मारतात. त्यांच्या पुढच्या साईटमध्ये भिंग असतं आणि दोरीत बारीक छिद्राचा पीप असतो, त्यातून बघायचं. बंदुकीसारखं, पुढे एक आणि मागे एक. रिकर्व्हमध्ये पीप आणि भिंग दोन्हींना मनाई आहे, फक्त पुढची साईट चालते. मग मागची साईट कुठली? तुमचा चेहरा. ओढणारा हात दर वेळी हनुवटीखाली त्याच जागी येऊन बसला, तरच पुढच्या पिनला अर्थ आहे.

इथे थोडं स्पष्ट बोलतो, राग मानू नका. मागच्या अंगणात तुम्ही आठ-दहा बाण मारलेत, ते मी पाहिले. एकदा हात गालावर होता, एकदा कानाजवळ, एकदा तर खांद्यावर. अशा धनुष्यात एक इंच कमी-जास्त ओढलं की साधारण दोन-अडीच पाउंडांचा फरक पडतो. त्यावर पिन कुठेही लावा, ती तुम्हाला खोटंच सांगणार. आधी हाताची जागा पक्की होऊ द्या.

पारंपरिक धनुष्याला साईट म्हणजे पाप, असं मात्र मी मानत नाही. जुन्या लोकांनी डोळे मिटून थोडेच मारले! जपानच्या क्युदोमध्ये २८ मीटरवर ३६ सेंटिमीटरचं लक्ष्य असतं आणि धनुष्याच्या कडेने ते किती झाकलं जातं त्यावरून तिरंदाज दिशा धरतो. अर्धं दिसलं तर त्याला ते अर्धचंद्र म्हणतात. इंग्लंडातले लोक टार्गेटच्या अलीकडे जमिनीवर खूण ठेवून बाणाचं टोक त्या खुणेवर धरायचे. नेमाला काहीतरी आधार सगळ्यांनीच शोधला. पोराला हेच सांगायचं राहिलं होतं.

तुम्हाला खूण हवीच असेल, तर दारं-खिडक्यांच्या फटींना लावतात ती फोमची चिकटपट्टी घ्या. हँडलच्या वर, टार्गेटकडच्या बाजूला उभी चिकटवा आणि गोल डोक्याची टाचणी आडवी खोचा, डोकं डावीकडे जरासं बाहेर दिसेल अशी. बाण वर गेला तर टाचणी वर न्या, खाली गेला तर खाली; डावीकडे गेला तर डोकं आणखी बाहेर काढा. बाणाच्या मागे टाचणी, एवढंच लक्षात ठेवा. १० मीटरची खूण वर येईल, १८ची तिच्या खाली. खर्च चहाइतका, भोक शून्य. घरी येईल ती ऑनलाइन साईट परत करून टाका.

फक्त स्पर्धेआधी पट्टी काढा. जागतिक नियमांत बेअरबो (साईटविना रिकर्व्ह), लाँगबो (लांब, साधं लाकडी धनुष्य) आणि ट्रॅडिशनल (पारंपरिक) गटांत साईट चालत नाही. बेअरबो तर दोरी उतरवून १२.२ सेंटिमीटरच्या कड्यातून आरपार जावं लागतं, काही बाहेर आलेलं नको. साईटसकट उतरलात तर रिकर्व्ह गट, म्हणजे आपल्या सरडे गावचा प्रवीण जाधव ऑलिम्पिकला ज्यात खेळला तो. तिथे ७० मीटर आणि ते सगळं सामान. तुमच्या धनुष्याचं काम नाही.

आता माझ्याकडून. सहाही बाण बदलून देतो, पैसे नाहीत. ८०० आणि ९००चे दोन्ही मागवले आहेत. तुम्ही इथे मारून बघा, सरळ जातील ते न्या. एवढं करूनही साईटवालंच धनुष्य हवं असेल, तर हे मी तुम्ही भरलेल्या पूर्ण किमतीत परत घेतो आणि बुश असलेलं टेकडाऊन (भाग सुटे होणारं) रिकर्व्ह देतो, वरचा फरक तेवढा द्या. भोक पाडलेलं धनुष्य मात्र परत घेणार नाही.

येताना जुने बाण आणा. सोमवारी दुकान बंद असतं, आणि संध्याकाळी पाचनंतर अंगणात पोरांचा सराव असतो, त्याआधी या.